सालेम-प्रकरणातील दोन कागद

चिक्कडपल्लीच्या नगर मध्यवर्ती ग्रंथालयात आमचे जाणे-येणे फार वर्षांचे आहे. पूर्वी तेथे वृत्तपत्रे चाळणारी वडीलधारी मंडळी अधिक दिसत. अलीकडे स्पर्धा-परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुण मुलामुलींनी ते सकाळपासून गजबजलेले असते. ह्या मुलांच्या पिशवीत पुस्तकांच्या बरोबरीने कागदपत्रांचे एक बाड असते : रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका, साक्षांकित प्रती. नावातील एखादे अक्षर चुकले, तर ते दुरुस्त करून घेण्यासाठी त्यांना कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. आपण आहोत तेच आहोत, हे सरकारला पटवून देण्यात त्यांच्या उमेदीचा बराच काळ खर्ची पडतो.

ही मुले पाहिली की आम्हांस एका निराळ्याच कागदाची आठवण होते. २००१ साली ह्याच जुळ्या शहरांतील पारपत्र-कचेरीतून ‘रमिल कामिल मलिक’ ह्या नावाचे एक पारपत्र निघाले. कागद सरकारी होता, शिक्का सरकारी होता, वर चिकटविलेले छायाचित्रही जिवंत माणसाचेच होते. परंतु त्या नावाचा मनुष्य मात्र पृथ्वीतलावर नव्हता. छायाचित्र होते अबू सालेम अब्दुल कय्यूम अन्सारी ह्याचे. आणि त्या वेळी त्याच्या शोधात सारा देश होता.

एका गुन्हेगाराचे प्रकरण वाङ्मयीन संस्थेच्या नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. आमचे उत्तर असे की, इतिहासाच्या अभ्यासकाचे पहिले काम कागद पारखण्याचे आहे. आणि हे प्रकरण आरंभापासून शेवटपर्यंत कागदांचेच प्रकरण आहे. त्यात दोन कागद मुख्य आहेत. एक खोटा, कर्नूलच्या पत्त्यावर मिळविलेला. दुसरा खरा, दिल्लीहून लिस्बनला पाठविलेला. पहिल्याने टोळीच्या नायकाला जग मोकळे करून दिले. दुसऱ्याने त्याला भारतात परत आणले, आणि आणताना भारताचेही हात बांधले. चित्रपटांनी व चटकदार वृत्तांतांनी ह्या मनुष्याभोवती जे वलय निर्माण केले आहे ते बाजूस सारून ह्या दोन कागदांची हकीकत सांगावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम टोळीविषयी थोडे. सालेम हा उत्तर प्रदेशातील आझमगढ जिल्ह्याच्या सराय मीर गावचा. तो मुंबईस आला आणि दाऊद इब्राहीमच्या टोळीत शिरला. दाऊद स्वतः मुंबई पोलीस दलातील एका हवालदाराचा मुलगा. १९८० नंतरच्या दशकात त्याने आपले ठाणे दुबईस हलविले व तेथून मुंबईचा कारभार चालविला. ह्या टोळीच्या भरभराटीचे कारण बरेचसे आर्थिक होते. सोन्याच्या आयातीवर कडक निर्बंध असताना चोरटे सोने आणणे हा मोठ्या नफ्याचा धंदा होता. १९९० पासून हे निर्बंध सैल होऊ लागले, तसतसा तो नफा आटला आणि बांधकाम-व्यावसायिक, चित्रपट-निर्माते ह्यांच्याकडून खंडणी उकळण्याकडे टोळ्यांचे लक्ष अधिकाधिक वळले. दूरध्वनी दुबईहून येई, गोळी मुंबईत सुटे आणि मारणारा व मारविणारा ह्यांच्या मध्ये समुद्र असे.

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, सेंचुरी बाझार इत्यादी ठिकाणी लागोपाठ स्फोट होऊन २५७ माणसे मरण पावली आणि सातशेंवर जखमी झाली. त्यासाठी लागणारी स्फोटके व शस्त्रे रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर दिघी व शेखाडी येथे उतरविण्यात आली होती. ती उतरली कशी? पुढे न्यायालयात सिद्ध झाले ते असे की, सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील काही नोकरांनी पैसे घेऊन वाट मोकळी केली. सालेमवर आरोप होता तो शस्त्रे गुजरातेतील भरूचहून मुंबईस आणून वाटल्याचा. स्फोटांनंतर तो देशाबाहेर निसटला. कालांतराने मूळ टोळीपासून फुटून त्याने स्वतःची टोळी चालविली. ७ मार्च १९९५ रोजी जुहू येथे प्रदीप जैन ह्या बांधकाम-व्यावसायिकाची हत्या झाली. तिच्यातही त्याचा हात असल्याचे पुढे न्यायालयात सिद्ध झाले.

अशा मनुष्याला परदेशात वावरण्यासाठी जे सर्वांत निकडीचे असते, ते शस्त्र नव्हे, पैसाही नव्हे. ते म्हणजे दुसरे नाव. ते नाव त्याला तत्कालीन आंध्र प्रदेशातील कर्नूलने दिले. पारपत्र मिळण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. अर्ज करावयाचा, राहत्या जागेचा पुरावा जोडावयाचा, पोलिसाने घरी येऊन चौकशी करावयाची, आणि शेवटी टपालाने पारपत्र त्या पत्त्यावर यावयाचे. म्हणजे नावाचा मनुष्य त्या घरी खरोखर राहतो की नाही हे पाहणारे डोळे दोन : एक पोलिसाचे, दुसरे टपाल्याचे. दोन्ही डोळे मिटले की पुरे. केंद्रीय अन्वेषण विभागाने पुढे जो खटला भरला, त्यात ह्याच कारणास्तव पोलीस-पडताळणी करणारा कर्मचारी व टपाल पोहोचविणारा टपाल्या हेही आरोपी होते. सालेमबरोबर त्याची सहचारिणी, चित्रपट-अभिनेत्री मोनिका बेदी, हिलाही ‘सना मलिक कमाल’ ह्या नावाचे पारपत्र मिळाले होते.

हैदराबादच्या विशेष न्यायालयाने २००६ साली मोनिका बेदी हिला दोषी ठरविले. ‘खोट्या पारपत्राबद्दल मी पोर्तुगालमध्ये शिक्षा भोगली आहे, एकाच अपराधासाठी दोनदा शिक्षा कशी?’ असा तिचा युक्तिवाद होता. ९ नोव्हेंबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. पोर्तुगालमधील अपराध तेथे खोटे पारपत्र बाळगण्याचा व वापरण्याचा. येथील अपराध कट करून, खोटी कागदपत्रे देऊन ते मिळविण्याचा. दोन्ही भिन्न, असा त्या निर्णयाचा आशय आहे. मात्र शिक्षा तिने भोगलेल्या कारावासाइतकी कमी करण्यात आली. सालेमला हैदराबादच्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा दिली. मुंबईच्या खटल्यांपुढे ही शिक्षा किरकोळ वाटते व वृत्तपत्रांनीही तिला फारशी जागा दिली नाही. आमच्या मते मात्र साऱ्या प्रकरणाची गुरुकिल्ली ह्या लहान खटल्यात आहे. टोळीचे जाळे आंतरराष्ट्रीय खरे. पण त्याच्या गाठी कर्नूलसारख्या गावातील एका गल्लीत आणि दिघी-शेखाडीसारख्या बंदरांवर मारलेल्या असतात.

हे काही आजचेच नव्हे. कौटिल्याने समाजातील अशा उपद्रवी मंडळींस ‘कंटक’ म्हटले व त्यांच्या शोधनासाठी अर्थशास्त्राचे एक संपूर्ण अधिकरण दिले. लक्षात घेण्याजोगे हे की, त्याच अधिकरणात त्याने सरकारी अधिकाऱ्यांवर नजर ठेवण्याचाही विचार केला आहे. चोर आणि चोरास वाट देणारा नोकर हे त्याच्या दृष्टीने एकाच प्रकरणाचे विषय होते.

आमच्या ह्या प्रदेशाला तर राज्यांच्या सीमांचा लाभ घेणाऱ्या टोळ्यांचा जुना अनुभव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाचा मुलूख, शिंदे-होळकरांची संस्थाने आणि कंपनीचा अंमल ह्यांच्यामधून ठगांच्या टोळ्या फिरत. एका राज्यात खून करावा, दुसऱ्यात लूट विकावी, तिसऱ्यात पावसाळा घालवावा, असा त्यांचा क्रम असल्याचे तत्कालीन जबान्यांत दिसते. १८३० च्या अखेरीस फिरंगिया नावाचा नायक कॅप्टन स्लीमनच्या हाती सापडला आणि प्राण वाचविण्यासाठी माफीचा साक्षीदार झाला. बंदिवासातून त्याने दिलेल्या माहितीवर पुढील धरपकडीचा मोठा भाग उभा राहिला. निजामाच्या नोकरीत असलेल्या मेडोज टेलरने ह्याच जबान्यांच्या आधारे १८३९ साली आपली प्रसिद्ध कादंबरी लिहिली.

परंतु त्या वेळी कायदा कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. १८३६ च्या तिसाव्या अधिनियमाने असे ठरविले की, जो कोणी ठगांच्या टोळीत होता असे सिद्ध होईल, मग तो कायद्यापूर्वी असो वा नंतर, कंपनीच्या हद्दीत असो वा बाहेर, त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप. अमुक दिवशी अमुक खून केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. टोळीतील असणे हाच गुन्हा झाला. हद्दीचा प्रश्न बळाने सोडविला गेला, कारण संस्थानिकांना ‘नाही’ म्हणण्याची ताकद नव्हती. ह्या उपायाने रस्ते निर्धास्त झाले असे म्हणतात. तथापि फितूर साक्षीदारांच्या सांगण्यातून उभे राहिलेले ठगांचे चित्र कितपत खरे, हा वाद इतिहासकारांत अद्याप मिटलेला नाही. घाईने मिळविलेल्या न्यायाची ही किंमत असते : पुढील पिढ्यांना त्याच्या कागदांवर विश्वास ठेवता येत नाही.

सालेमच्या बाबतीत मात्र समोर ‘नाही’ म्हणू शकणारे राज्य होते. सप्टेंबर २००२ मध्ये तो लिस्बन येथे पकडला गेला. पोर्तुगालने सामान्य गुन्ह्यांसाठी देहदंड १८६७ मध्ये व जन्मठेप १८८४ मध्ये रद्द केली आहे. तेथे कारावासाची कमाल मर्यादा २५ वर्षे. ज्या देशात मनुष्याला फाशी अथवा आजन्म कारावास होण्याचा संभव आहे, त्या देशाच्या हवाली त्याला करावयाचे नाही, हे त्यांचे तत्त्व. त्यातून भारत व पोर्तुगाल ह्यांच्यामध्ये तेव्हा प्रत्यार्पणाचा स्वतंत्र करारही नव्हता.

येथे मराठी वाचकाला लिस्बनचे दुसरे एक स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. गोवामुक्तीच्या लढ्यातील मोहन रानडे ह्यांना पोर्तुगीज सत्तेने २६ वर्षांची शिक्षा देऊन लिस्बनजवळच्या काशियश येथील तुरुंगात ठेविले होते. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी ते जानेवारी १९६९ पर्यंत सुटले नाहीत. ते पोर्तुगाल सालाझारशाहीचे होते. ती राजवट २५ एप्रिल १९७४ रोजी कोसळली. ज्या राज्याने आमच्या देशभक्ताला वर्षानुवर्षे एकांतात कोंडले, त्याच देशाची न्यायालये तीन दशकांनंतर एका परकी गुन्हेगाराच्या हक्काविषयी आमच्याकडून लेखी हमी मागू लागली. ह्यात विसंगती शोधून रागावणे सोपे आहे. आम्ही त्यातून निराळा बोध घेतो : राज्ये बदलू शकतात, आणि ती बदलली आहेत की नाहीत हे त्यांच्या तुरुंगांवरून कळते.

१७ डिसेंबर २००२ रोजी तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी ह्यांनी भारत सरकारच्या वतीने पोर्तुगालला लेखी आश्वासन दिले की, सालेमला स्वाधीन केल्यास त्याला देहदंड दिला जाणार नाही आणि २५ वर्षांहून अधिक काळ कारावासात ठेवले जाणार नाही. हाच आमचा दुसरा कागद. तेथील न्यायालयांनी त्यावर भिस्त ठेविली. जानेवारी २००५ मध्ये पोर्तुगालच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यार्पणाला संमती दिली आणि नोव्हेंबर २००५ मध्ये सालेम मुंबईत आणला गेला.

जुन्या मराठी दप्तरांशी परिचय असणाऱ्यांस ह्या कागदाची जात ओळखीची वाटेल. मराठेशाहीत परागंदा झालेली रयत गावी परत यावी म्हणून सरकार कौल देत असे : ‘तुम्ही या, अमुक सवलत मिळेल, उपसर्ग लागणार नाही.’ कौलाचे मोल त्यावरील शिक्क्यात नसे. पूर्वीचे कौल पाळले गेले होते की नाहीत, ह्या अनुभवात असे. कौल मोडणाऱ्या अंमलदाराच्या गावी रयत पुन्हा परतत नसे. देशादेशांमधील आश्वासनांचीही तीच गत आहे. त्यांच्या वर कोणतेही न्यायालय नाही. मागचा शब्द पाळला असेल, तर पुढचा चालतो.

हा शब्द पाळणे सोपे गेले नाही. प्रत्यार्पण ज्या आरोपांसाठी झाले, त्यांखेरीज आणखी काही आरोप येथे सालेमवर ठेवण्यात आले. सप्टेंबर २०१० मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात वचनभंग नसल्याचे म्हटले. लिस्बनच्या न्यायालयास तसे वाटले नाही. सप्टेंबर २०११ मध्ये त्याने अटींचा भंग झाल्याचे ठरविले व जानेवारी २०१२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. अखेर भारत सरकारनेच काही आरोप मागे घेण्याची अनुज्ञा मागितली आणि ५ ऑगस्ट २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती दिली. त्याच सुमारास कोठडीत त्याच्या जीविताचे रक्षण करणेही कठीण झाले होते. जुलै २०१० मध्ये आर्थर रोड कारागृहात त्याच्यावर हल्ला झाला, तर जून २०१३ मध्ये तळोजा कारागृहात त्याच्यावर गोळी झाडली गेली. कारागृहात पिस्तूल पोहोचते, तेव्हा कोठे तरी पुन्हा एकदा कोणी डोळे मिटलेले असतात.

फेब्रुवारी २०१५ मध्ये जैन हत्येबद्दल आणि ७ सप्टेंबर २०१७ रोजी १९९३ च्या स्फोटांबद्दल मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. आता प्रश्न आला : जन्मठेप म्हणजे आजन्म की पंचवीस वर्षे? सरकारतर्फे शपथपत्रात सांगण्यात आले की, सरकार आश्वासनास बांधलेले आहे, परंतु तो प्रश्न २०३० मध्ये उद्भवेल, आज नव्हे. ११ जुलै २०२२ रोजी न्यायमूर्ती संजय किशन कौल व एम. एम. सुंदरेश ह्यांनी निर्णय दिला. शासनाचे आश्वासन न्यायालयाची शिक्षा ठरवू शकत नाही; पण पंचवीस वर्षे पूर्ण होताच, राष्ट्रपतींना सल्ला देऊन अथवा फौजदारी संहितेखालील अधिकार वापरून, ते आश्वासन पुरे करणे शासनाचे कर्तव्य आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. काल मोजावयाचा तो १२ ऑक्टोबर २००५ पासून. पोर्तुगालमधील कारावास त्यात धरावयाचा नाही.

ह्यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका लेखता येणार नाही. ज्यांच्या घरचा माणूस त्या मार्च महिन्यात सकाळी कामावर गेला आणि परतलाच नाही, त्यांना हा हिशोब कसा पटावा? त्यांच्या दुःखाला पंचवीस वर्षांची मर्यादा कोणी घातलेली नाही. त्यांच्याशी विचारविनिमय करून तो कौल दिला गेला नव्हता. २०३० साली तो मनुष्य बाहेर येईल तेव्हा त्यांना जे वाटेल, ते कोणत्याही युक्तिवादाने मिटणार नाही. आम्ही तसा प्रयत्नही करीत नाही.

इतकेच म्हणू की, दुसरी वाट न्यायाची नव्हती. आश्वासन दिले नसते, तर तो लिस्बनहून आलाच नसता. दोन्ही खटले त्याच्याविना चालले असते. आश्वासन देऊन मोडले असते, तर भारताला हवा असलेला पुढचा आरोपी कोणत्या देशाने आमच्या हवाली केला असता? आणि ह्याहूनही मूलभूत गोष्ट अशी की, टोळीचे सारे बळ खोट्या कागदावर उभे होते. तिच्या नायकाला शिक्षा देण्यासाठी राज्याने स्वतःचाच कागद खोटा ठरविला असता, तर टोळी व राज्य ह्यांत फरक उरला असता तो केवळ आकाराचा. १८३६ च्या कायद्याने जे साधले, ते परक्या सत्तेने आपल्या सोयीसाठी साधले. प्रजासत्ताकाला सोयीपेक्षा अधिक काही सांभाळावे लागते.

चिक्कडपल्लीहून मुशीराबादच्या बाजूस गेले की गांधी रुग्णालयाची विस्तीर्ण इमारत लागते. तेथे पूर्वी मध्यवर्ती कारागृह होते. २००३ मध्ये रुग्णालय त्या जागेवर आले. तुरुंग हलतात, पाडले जातात, त्यांच्या जागी आजारी माणसांच्या खाटा येतात. सालेमचे नावही काळाच्या ओघात पुसट होईल. पण पारपत्राची पडताळणी करणारा पोलीस, दारावर टपाल देणारा टपाल्या, बंदरावर रात्री पहारा करणारा सीमाशुल्काचा शिपाई, ही माणसे उद्याही लागणार आहेत.

आमच्या ग्रंथालयातील त्या बाकांवर जी मुले आज पिशवीत दाखले घेऊन बसली आहेत, त्यांच्यापैकीच काही जण पुढे ह्या जागांवर जातील. आपली ओळख पटविण्यासाठी किती खेटे घालावे लागतात हे त्यांनी स्वतः सोसलेले आहे. दुसऱ्याच्या कागदावर सही करण्याची पाळी येईल तेव्हा त्यांना ह्याचा विसर पडू नये. इतिहास शिकविणाऱ्या आम्हां अध्यापकांस त्यांच्यासाठी करता येण्याजोगे काम थोडे आहे. पण खरा कागद आणि खोटा कागद ह्यांतील भेदाने एका शहरातील २५७ माणसांच्या जीवाशी गाठ पडते, एवढे तरी आम्ही त्यांना वर्गात सांगितले पाहिजे.